रेमोंसाहेबांचा किल्ला आणि आपली पंगत

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय आसाराम पाटील, व्यासपीठावरचे बीडीओसाहेब, फ्रान्सला परत निघालेले आपले रेमोंसाहेब, आणि माझ्या गावकरी बंधुभगिनींनो,

सरपंच म्हणून निरोपाचं बोलायला उभा आहे खरा, पण मान वर होत नाही.

दुष्काळात साहेब आपल्या विहिरीच्या कामाला आले. पहिल्याच आठवड्यात चावडीत त्यांनी फोटो दाखवला. त्यांच्या खेड्यातला किल्ला! चार कोपऱ्यांना गोल बुरूज, भोवती पाण्याचा खंदक, आत शंखासारखा वळत जाणारा दगडी जिना. मूळचा लढाईचा, पुढं मालकांनी भिंती फोडून मोठाल्या खिडक्या काढल्या, राहता महाल केला. मग तिथली रयत राजावर उठली, त्या धामधुमीत एक बुरूज जळाला. खंदकात बारमाही पाणी, हे ऐकून आमच्या रंगुबाई म्हणाल्या, "लई पुन्यवान गाव म्हनायचं!"

आणि साहेबांना न विचारताच आपण ठरवलं, हेच किल्ल्याचे धनी. झाले राजेसाहेब! पाटलांच्या माडीवर मुक्काम, पंगतीत पहिला पाट, चांदीचं ताट.

दिवाळीत कुणीतरी विचारलं, "राजेसाहेब, जहागीर केवढी हाय?" साहेब हसले. "कसली जहागीर? तो जळका बुरूज माझ्या पणजोबांनी पुन्हा बांधला. आमी पाथरवट."

दुसऱ्याच दिवशी माडीला रंग द्यायचं निघालं. साहेबांची खाट शाळेच्या पडवीत गेली. पाट सरकत सरकत दाराशी आला. वाढणाऱ्यांत मीही होतो. साहेब जेवले, हात जोडून उठले आणि वडार वस्तीत, दगड फोडणाऱ्या आपल्या सूर्यभानकडे राहायला गेले. त्याच वस्तीला घेऊन त्यांनी विहीर बांधून पुरी केली. ते पाणी आपण सगळे पितो. तेव्हा बरी जात आडवी येत नाही? लाज वाटते हो!

आणि आज? गावाची पंगत देवळात, वस्तीची पानं गोठ्यापाशी. सकाळी आमंत्रणाला गेलो, तर साहेब एवढंच म्हणाले, "सूर्यभान बसंल तिथं मी बसनार." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साहेबांचे, सूर्यभानचे, साऱ्या वस्तीचे आभार मानतो. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. पंगतीत जे झालं, त्याची माफी मागायला मात्र मला तोंड नाही. माझं पान मी गोठ्यापाशी मांडायला सांगितलंय.

अध्यक्षमहाराज, तुमचं कुठं मांडू?