मोटरी वर काढल्या का?

लालासाहेब : ...अगं, एकदाच. पंपावरच्या सयाजीला एवढंच इचारतो, मोटरी वर काढल्या का न्हाई. परत मागितला तर नावाचा लालासाहेब न्हाई.

बनुबाई : सकाळधरनं किती बारी नाव बदललंसा? फोन पिशवीत हाय, पिशवी माझ्या बुडाखाली हाय, आन् मी काय उठत न्हाई.

लालासाहेब : डॉक्टर म्हनला का, फोन घ्यायचा न्हाई म्हणून?

बनुबाई : डॉक्टर म्हनला, बीपी खाली आल्याबिगर छाती उघडायची न्हाई. आन् तुमचं बीपी त्या फोनात बसलंय. त्यो वाजला की ह्ये चढतंय.

लालासाहेब : तुला काय कळतंय त्यातलं? पाणीपुरवठा संस्थेचा चेअरमन हाय मी. सगळ्या गावाचा ऊस नदीकाठच्या त्या तीन मोटरींवर हाय. कृष्णा चढाय लागलीया, आन् चेअरमन हितं सांगलीत खाटंवर, मागनं उघडं झबलं घालून!

बनुबाई : झबलं बरं दिसतंय की तुमास्नी.

सिस्टर विनोदिनी : काय चाललंय आजोबा? पार जिन्यापर्यंत आवाज येतोय तुमचा. हात द्या बघू.

लालासाहेब : सिस्टर, आजोबा नका म्हणू. चेअरमन म्हणा.

सिस्टर विनोदिनी : बरं, चेअरमन आजोबा. आता गप्प, पट्टा फुगतोय. ...अहो, हे तर सकाळपेक्षा वाढलंय! दुपारी बायपास आहे तुमची. असंच राहिलं तर सर आज घेणार नाहीत, सांगून ठेवते.

लालासाहेब : तुमी ड्यूटीला कुठनं येता?

सिस्टर विनोदिनी : सांगलीवाडीतून. का हो?

लालासाहेब : म्हंजी पुलावनं आला आसशीला. पाणी कुठंवर हाय?

बनुबाई : सांगू नगासा सिस्टर.

सिस्टर विनोदिनी : घाटाच्या खालच्या पायऱ्या गेल्यात पाण्यात. काल दिसत होत्या. धरणातून सोडलंय म्हणे. इथं बघा, कसं लख्ख ऊन पडलंय.

लालासाहेब : ऐकलंस? आमचं गाव वरच्या अंगाला, सिस्टर. हितं आलेलं पाणी आमच्या दारावरनंच आलंय. पाऊस पडतोय महाबळेश्वरात, आन् आमी उन्हात. ह्या उन्हातच माणूस फसतंय. उसाची नवी लागण हाय, तिला पाणी पायजे, म्हणून मोटरी चालू ठेवाव्या वाटतंय. आन् मागनं नदी गुपचूप येती आन् मोटरी गिळती.

सिस्टर विनोदिनी : मग काढा म्हणावं वर.

लालासाहेब : काढा म्हणावं! लवकर काढल्या तर लागण वाळती. उशीर केला तर मोटरी बुडत्यात. त्यो टाइम धरायला डोस्कं लागतं. त्यो टाइम मी सांगतो.

बनुबाई : आन् ह्यांनी सांगितल्याबिगर तिथं कुत्रं बी शेपूट हलवत न्हाई.

सिस्टर विनोदिनी : मी थोड्या वेळानं परत बघते. मावशी, पिशवीवरून उठू नका.

बनुबाई : वाजला मुडदा.

लालासाहेब : दे! दे हिकडं!

बनुबाई : पडून ऱ्हावा. मी बोलते. ...हॅलो. कोण, तानाजी? ...आँ? ...थांब, इचारते. आवं, पंपहाऊसात धामण निघालीया म्हणं. मारू का सोडू, इचारतोय.

लालासाहेब : धामण मारत्यात व्हय? उंदरं खाती ती. सोड म्हणावं.

बनुबाई : सोड म्हंत्यात. ...काय? ...कुठं सोडू म्हंतोय.

लालासाहेब : माझ्या डोस्क्यावर सोड म्हणावं! पाणी इचार, पाणी!

बनुबाई : ठेवला त्येनं.

लालासाहेब : हात तिच्या मारी.

बनुबाई : बगितलंसा? सकाळच्या पारी ग्रीस कुठल्या दुकानातनं आणू म्हणून फोन. मग वायरमनला च्या पाजू का म्हणून फोन. आता धामण. आवं, तानाजीला नातू झाला दिवाळीत. जलमभर पंप चालवला. त्याला साप कुठं सोडायचा कळत न्हाई?

लालासाहेब : इचारून करत्यात, त्यात वाईट काय? शिस्त हाय ती. मिल्ट्रीत हुकमाबिगर पान हलत न्हाई.

बनुबाई : शिस्त न्हवं त्ये, भ्या हाय. आन् त्ये तुमी घातलंय.

लालासाहेब : म्या?

बनुबाई : मोठा पूर आला त्येच्या आदल्या वर्सी सयाजीनं न इचारता मोटरी वर काढल्या. पाणी आलं न्हाई. मग सभेत काय केलंसा?

लालासाहेब : चेष्टा केली जराशी.

बनुबाई : जराशी? गावाम्होरं हुबा केलासा. स्वतःचा फेटा त्येच्या डोस्क्यावर ठेवलासा आन् म्हनलासा, ह्ये बघा आपलं नवं चेअरमन! माणसं पोट धरून हसली. अजून पोरंटोरं त्येला चेअरमन म्हंत्यात. त्येच्या लेकीला बघाय पाव्हणं आलं, स्टँडवर घर इचारलं, तर टारगट पोरांनी चेअरमनचं घर म्हणून आणून घातलं आपल्या दारात. म्या च्या दिला आन् धाडलं तिकडं. सयाजीची बायको माझ्याकडं मान वर करून बघंना.

लालासाहेब : लागण वाळली होती गं त्येच्यापायी. लोकांनी काय मला सोडलं आसतं?

बनुबाई : वाळली. आन् दुसऱ्या वर्सी? तुमी वाईला बारशाला. फोनला रेंज न्हाई. पाणी म्हसोबाच्या दगडाला लागलं. सयाजी, तानाजी, समदी मोटरी वडायची साखळी धरून हुबी. मी बी होते काठावर. म्हनलं, वडा की रं! तर सयाजी म्हनला, वैनी, अण्णांचा फोन येऊ द्या. हुबं ऱ्हाऊन बगितलं आमी. एक गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. साखळी हातात तशीच.

लालासाहेब : दगडाला पाणी लागलं की काढायच्या, ह्ये ठरलेलं होतं! त्याला फोन कशापायी पायजे?

बनुबाई : कारण दगडाला लागलं तरी हुकूम तुमचाच लागायचा.

लालासाहेब : आन् दगडाला लागल्यावर बी टाइम मिळतो की. माझ्या बापानं दावलेली खूण हाय ती. दगडापास्नं पंपापतोर चढाय नदीला दीसभर लागायचा.

बनुबाई : तुमच्या बापाच्या वक्ताला धरणाची दारं आशी भसाभसा उघडत न्हवती. त्या पुरात दगडापास्नं पंपापतोर पाणी यायला भाकरी भाजायला लागतो तेवढा बी टाइम लागला न्हाई. माझ्या डोळ्यांनी बगितलंय. तुमास्नी किती बारी सांगितलं. तुमचं आपलं एकच, दगड, दगड. आन् गल्लीतली समदी पोरं तुमी पव्हायला शिकवलीसा. पाठीला डबा बांधून इहिरीत ढकलायचा. आन् एक दिशी डबाच सोडून टाकायचा. पोरगं बोंबलायचं, त्येची आई वरनं शिव्या द्यायची. तुमी म्हनायचा, डबा सोडल्याबिगर पोरगं पवत न्हाई.

लालासाहेब : मग? खोटं हाय का?

बनुबाई : मग ह्या बापयगड्यांच्या पाठीचा डबा कवा सोडायचा?

लालासाहेब : इहिरीत खाली मी असायचो गं. बुडालं तर धरायला. आता खाली कोण हाय? सांग की. कोण हाय?

(बराच वेळ जातो. पिशवीतला फोन वाजत नाही. लालासाहेबांचं सगळं ध्यान त्या पिशवीवर, मांजराचं बिळावर असतं तसं.)

लालासाहेब : वाजंना झालाय.

बनुबाई : बरं हाय की.

लालासाहेब : बंद केलास व्हय तू?

बनुबाई : ह्ये बघा. चालू हाय. रेंज बी हाय.

लालासाहेब : धामणीपास्नं एक बी न्हाई? तानाजीचा बी न्हाई?

बनुबाई : न्हाई.

लालासाहेब : म्हंजी काय तरी बुडालंय. लिहून ठेव. फोन वाजतोय तवर माणसं जिती हायत. गप्प झाला की संपलं. वरचा हुक बदला म्हनलं होतं म्या, बदलला का न्हाई कुणास ठावं. साखळी तुटली आसंल. तानाजी खाली उतरला आसंल मोटरीपाशी. त्येला पवता बी येत न्हाई धड...

बनुबाई : आसं वंगाळ बोलू नगासा.

लालासाहेब : तुझं बी त्वांड उतरलंय की.

बनुबाई : न्हाई उतरलं.

लालासाहेब : उतरलंय. लाव गं फोन.

बनुबाई : बीपी.

लालासाहेब : आन् न लावता काय खाली येणार हाय त्ये?

बनुबाई : ...धरा. पर वरडायचं न्हाई.

लालासाहेब : हॅलो! सयाजी? कोण मेलं रं?

सयाजी (फोनवर) : आँ? कोण न्हाई अण्णा. धामण बी जिती हाय.

लालासाहेब : मग फोन का केला न्हाईस?

सयाजी : हात गुतलं होतं. अण्णा... मोटरी वर काढल्या.

लालासाहेब : तिन्ही?

सयाजी : तिन्ही. आत्ताच तिसरी वरच्या ओट्यावर ठेवली.

लालासाहेब : दगडाला लागलं पाणी?

सयाजी : न्हाई.

लालासाहेब : जवळ आलंय?

सयाजी : न्हाई अण्णा. चढतंय, पर लय खाली हाय आजून.

लालासाहेब : मग कुणाला इचारून काढल्या? आँ? ऊन पडलंय, लागण नवी, आन् तुमी... सोड! सोड परत खाली! ऐकाय आलं का न्हाई?

सयाजी : आलं.

लालासाहेब : मग बोल की!

बनुबाई : काय बोलायचं त्येनं? फेटा घरी खुंटीला हाय. हितनं सुटलासा की घ्या सभा. ह्या टायमाला हार बी आणू.

लालासाहेब : तू गप्प बस गं.

सयाजी : अण्णा, ऐका. आमी सगळी बसून बोललो. तानाजी म्हनला थांबू. म्या म्हनलं, मागच्या बारीला थांबलो. पाणी येतंय का न्हाई, मला बी ठावं न्हाई. न्हाईच आलं तर समदं माझ्यावर टाका. फेटा बी घालतो.

लालासाहेब : ...कुठं हुबा हायस तू?

सयाजी : काठावर.

लालासाहेब : काय दिसतंय?

सयाजी : गढूळ हाय. मघापास्नं लाकडं याय लागल्यात. आत्ता एक आख्खं झाड गेलं, मुळीसकट. त्येच्यावर एक कोंबडा बसलेला.

लालासाहेब : कोंबडा?

सयाजी : व्हय. जिता.

लालासाहेब : मला हितनं भित दिसती. भित आन् तुझी वैनी. सयाजी, तुला काय वाटतंय?

सयाजी : कुणाला? मला?

लालासाहेब : तुलाच.

सयाजी : अण्णा, बरं हाय न्हवं तुमास्नी? डॉक्टर हाय का जवळ? वैनीकडं द्या बघू फोन.

लालासाहेब : अरं गाढवा, धड हाय मी! मराय टेकल्याबिगर इचारू नये का माणसानं?

सयाजी : न्हाई, कवा इचारलं न्हाईसा म्हणून...

लालासाहेब : आता इचारतोय न्हवं.

सयाजी : ...वरच ठेवाव्या वाटतंय.

लालासाहेब : लागण वाळली तर?

सयाजी : थोडी वाळंल. परत लावू. पर बुडालेली मोटर म्या बगितलीया अण्णा. साखळी धरून बगितलीया. आजून सपनात येती.

लालासाहेब : पाणी न्हाई आलं तर लोक तुझ्या नावानं बोंबलतील. मी हितं आसणार. आलो तर आलो.

सयाजी : भ्या वाटतंय अण्णा. खोटं कशाला बोलू?

लालासाहेब : वाटणार. मला बी दर वर्सी वाटायचं.

सयाजी : तुमास्नी?

लालासाहेब : मग वरडायचो कशापायी? ...ऱ्हाऊ देत वरच. आन् त्या दगडाकडं बघत बसू नगा. आन् ऐक, तानाजीला खाली उतरू देऊ... बरं. ऱ्हाऊ दे. तुमी हायसा तिथं. ठेवतो.

सिस्टर विनोदिनी : फोन! मावशी, तुम्ही सुद्धा? द्या इकडे हात. आणि एक शब्द नाही.

लालासाहेब : किती हाय?

सिस्टर विनोदिनी : गप्प म्हटलं ना! ...मघापेक्षा थोडं उतरलंय. थोडंच. तुम्हाला आत न्यायला आलेत, सर आतच बघून ठरवतील. करदोटा, अंगठी, सगळं मावशींकडे द्या.

लालासाहेब : आत मला इचारून करत्यात न्हवं समदं?

सिस्टर विनोदिनी : भूल दिल्यावर कोण विचारतंय तुम्हाला? तुम्ही झोपायचं नुसतं.

लालासाहेब : आन् छातीत काय सापडलं, काय तोडलं, काय जोडलं...

सिस्टर विनोदिनी : ते आमचं आम्ही बघतो, चेअरमन आजोबा. दीर्घ श्वास घ्या.

बनुबाई : अंगठी निघंना. थांबा, थुकी लावते. ...आवं, वाजतोय.

लालासाहेब : कुणाचा?

बनुबाई : तानाजीचा. घ्यायचा का? आवं, घ्यायचा का न्हाई?

लालासाहेब : वाजू दे.

बनुबाई : धामणीचा आसंल. न्हाई तर पाण्याचा.

लालासाहेब : वाजू दे म्हनलं न्हवं.

बनुबाई : ...थांबला.

लालासाहेब : थांबला व्हय? ...म्हंजी भागलं आसंल त्येंचं. भागलं आसंल न्हवं गं?