कार्डावरचा बाण

बसा हो, बसा. चौकशीची खिडकी हीच. पाटीवर 'चौकशी' लिहिलंय आणि पाटीमागे मला बसवलंय, तेव्हा करा चौकशी. नव्या इमारतीचं उद्घाटन? ते इथे नाही, ही जुनी शाळा. फोनने इथे आणलं म्हणता? आणणारच. नवी इमारत अजून फोनमध्ये उगवलीच नाहीये, तो बिचारा जुन्याच पत्त्यावर आणून सोडतो. फोटोवाले ना तुम्ही? गळ्यातल्या कॅमेऱ्यावरून कळलं. आणि इथे यायच्या आधी कुठे जाऊन आलात ते बुटांवरून कळलं. असा काळा, चिकट चिखल आख्ख्या गावात एकाच जागी मिळतो — स्टेशनमागचा पूल ओलांडला की खाडीचा बांध लागतो, तिथे. बरोबर? बघा. यालाच भूगोल म्हणतात. शाळेत शिकवायचे मी तो. सव्वीस वर्षं.

नाही, मोरीत नका धुऊ, पायपुसण्याला पुसा. पाणी पिणार? घ्या त्या माठातलं. फोन ना, वाजू दे. मगापासून वाजतोय. मुख्याध्यापक असणार, दुसरं कोण! नव्या इमारतीच्या दारात फीत बांधून, हातात कात्री घेऊन उभे असतील — दोनशे खुर्च्या मांडल्यात आणि बसायला माणूस नाही. कार्यक्रम तीनचा. आता किती झाले? पावणेचार. वाजू दे.

मी का गेले नाही? मला बोलावलंय कुठे? म्हणजे बोलावलं, पण असं — "बाई, तुम्ही इथेच थांबा, कुणाचा फोन आला तर घ्यायला हवा." साहेब म्हणायचं हं त्यांना. माझाच विद्यार्थी! शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचा, खिशात चिंचोके. सहामाहीला चौतीस दिले होते मी त्याला. पासाला पस्तीस लागायचे. एक गुण का कापला विचारा. नकाशा काढला सुरेख, रंगवला सुरेख आणि दिशेचा बाण काढायलाच विसरला. मी म्हटलं, बाळ, बाण नसेल तर तो नकाशा नाही, ते चित्र झालं. रडला होता. आता शिक्षकांच्या सभेत हसत हसत सांगतो, "या बाईंनी मला भूगोलात नापास केलं होतं, आणि बघा, माझं काही अडलं का?" सगळे हसले. मीही हसले हो — हसावं लागतं. आणि त्याच सभेत, हसू ओसरायच्या आत, म्हणाला, "भूगोल काय, आता फोनमध्ये आहे सगळं. सातवीच्या भूगोलाच्या तासिका यंदापासून गणिताला." एका वाक्यात! सव्वीस वर्षं, आणि वाक्य पुरतं एक!

तुम्ही येताना जिन्याखाली काही पाहिलंत? तो उंचसखल पांढरा ठोकळा? तो आमचा गाव आहे. मुलांनी कागदाच्या लगद्याचा केला होता, दोन महिने खपून — टेकडी, खाडीचं वळण, दोन पूल, सगळं मोजून. शिपाई त्यावर छत्र्या वाळत घालतो. नकाशांच्या खोलीत आता गणिताचे जादा वर्ग. भिंतीवरचे नकाशे उतरवले, त्यांच्या मागचं कापड मजबूत असतं ना, ते फाडून फळे पुसायला घेतलं. मी पाहिलंय, गणिताचे सर एका महासागराने फळा पुसत होते. पृथ्वीचा गोल? तो स्नेहसंमेलनात चंद्र झाला. चंदेरी रंग फासला त्याला. आख्खी पृथ्वी, हो, वर चंदेरी रंग!

मग मी इथे येऊन बसले. फोन घेतला, दाखले दिले, "डावीकडे तिसरी खोली" म्हणाले. आणि मग गेल्या महिन्यात साहेब स्वतः खिडकीशी आले. गोड आवाज. "बाई, निमंत्रणपत्रिकेच्या मागे छोटासा नकाशा हवा. बाहेरगावचे पाहुणे येणार. तुम्ही रिकाम्याच असता." रिकाम्याच! बरं का. मी म्हटलं, काढते की.

तुमच्याकडे आहे ना कार्ड? काढा. भिजलंय? असू दे, दिसतं. हे बघा, मधोमध घड्याळाचा चौक, त्यातून चार रस्ते. गावाला खाडीने वेटोळं घातलंय, त्यामुळे उत्तरेला एक पूल, दक्षिणेला एक पूल, दोन्ही सारखेच दिसतात. नवी इमारत कुठे? इथे वर, पूल ओलांडून. मग तुम्ही चौकातून कुठे वळलात? स्टेशनकडे. का? कारण चौकात नगरपालिकेचा मोठा फलक आहे, गावाचा नकाशा, त्यावर स्टेशन वर आहे. सगळ्यांच्या डोक्यात वर म्हणजे स्टेशन. आता कार्डाच्या कोपऱ्यात बघा. काय आहे? बाण. टोक कुठे? — खाली! टोकाशी 'उ'. म्हणजे उत्तर खाली, दक्षिण वर. नवी इमारत दक्षिणेला, टेकडीवर. तुम्ही बरोबर उलटे गेलात.

नाही नाही, चूक कसली? एक रेघ खोटी नाही त्यात! प्रमाण दिलंय, सूची दिलीय, बाण दिलाय. नकाशात उत्तर वरच हवी असा कुठे कायदा नाही. इमारतीभोवती या वळत्या रेघा आहेत ना, त्या समोच्च रेषा, म्हणजे चढ. तुम्हाला तिकडे चढ लागला का? सपाट चिखल लागला. मग तिथेच कळायला हवं होतं. आणि ही खाली दातेरी रेघ? रेल्वेचे रूळ. आमच्या कारकुनाने विचारलं, बाई ही शिडी कसली. शिडी! मी स्टेशनचं नाव लिहिलं होतं हो, दोन्ही पुलांची नावं लिहिली होती. साहेबांनीच काढायला लावली. "गिचमिड नको, नाजूक दिसू दे." काढली. मग त्यांनी कार्ड असं हातभर लांब धरलं, मान वाकडी केली आणि म्हणाले, "वा!" खाली सही केली. बाणाकडे बघितलंही नाही. आज पंचवीस वर्षांनी पुन्हा तोच बाण, तोच मुलगा. आज किती गुणांनी नापास झाला, सांगा बघू!

हसा, हसा. मीही दुपारपासून एकटीच हसतेय. सांगायला कुणी नव्हतं, तुम्ही आलात, बरं झालं. कुणाला सांगणार नाही ना? सांगा हवं तर. तुम्ही तिकडे फोटो काढलेत का हो? काढलेत! दाखवा. थांबा, चष्मा लावू दे.

अगं बाई! ही तर मोठ्या देणगीदारांची गाडी. मागची दोन चाकं गेली चिखलात. हेच ते — "आम्ही भूगोलाच्या खोलीऐवजी गणिताच्या खोलीला नाव देऊ" म्हणणारे. पुढचा दाखवा. हे शिक्षणाधिकारी, नाही का? पँट दुमडून उभे! आणि कार्ड बघतायत — आडवं धरून. आडवं! पुढचा. या बाई कोण? असू दे, साडी तरी बरी उचलून धरलीय. आज भरती संध्याकाळची आहे. सव्वाचारला पाणी चढायला लागेल, मग साडेसहापर्यंत गाड्या काही हलत नाहीत. भिजणार बिजणार नाही कुणी, गाड्या उंचावर आहेत, फक्त चाकं भिजतील आणि तोंडं पडतील. मला तेवढंच हवं होतं. खरंच तेवढंच. हो, तारीख साहेबांनी काढली. भरतीची वेळ मला ठाऊक होती. मला कुणी विचारलं नाही. पुढचा.

हा काय आहे?

मोठा करा जरा. ते पांढरं काय रांगेत? — बगळे नाहीत हे. गणवेश आहे हा. आमचा गणवेश. ही मुलं तिकडे काय करतायत? मुलं बसने जायची होती. बसच्या चालकाला इमारत माहीत आहे, विटा त्यानेच वाहिल्यात. दोन वाजता मागच्या फाटकातून रांगेत गेली, मी इथूनच पाहिली, म्हटलं कोपऱ्यावर बस असेल... काय? बस खुर्च्या आणायला गेली होती? तुम्हाला कुणी सांगितलं? मुलांनीच? पुढे कोण आहे — गणिताचे सर. हातात कार्ड. ते रोज आगगाडीने येतात-जातात, त्यांना गाव म्हणजे स्टेशन आणि शाळा. किती वाजता काढलात हा? साडेतीनला. कुठल्या बाजूला चालली होती? पुढेच? बांधावरून पुढे?

थांबा, मला नीट सांगू द्या. तो बांध मधे खचलेला आहे. खळगा आहे तिथे, कोरडा असताना कळतसुद्धा नाही. भरतीचं पाणी समोरून येत नाही, त्या खळग्यातून मागून शिरतं. समोर बघत राहिलं तर वाटतं अजून लांब आहे, आणि परतायची वाट मागे बुडालेली असते. दरवर्षी सातवीला मी तिथे न्यायचे. दोरी, काठी, घड्याळ. काठीवर खुणा करून दर पाच मिनिटांनी पाणी मोजायचो. शेवटी विचारायचे, "आधी कुठे बघायचं?" आख्खा वर्ग ओरडायचा, "मागे!" सव्वीस वर्षं ओरडलाय वर्ग. त्यातलं एकही मूल तिथे चार वाजता पुढे गेलं नसतं. बाणही पाहिला असता त्यांनी, चौकातच पाहिला असता! मी धरूनच चालले होते — मुलांना काय, मुलांना येतं. पण ही सातवी... ह्यांना कोण शिकवणार होतं? ह्यांना मी शिकवलेलंच नाही.

ही शेवटची मुलगी बघा. रांगेत सगळ्यांत मागे. हात करतेय ना मागे, टेकडीकडे? आणि कुणी तिच्याकडे बघतच नाहीये. ही बोलत नाही हो वर्गात, हजेरीलासुद्धा ओठ हलवते फक्त. दिवाळीच्या सुट्टीआधी इथे आली होती, या खिडकीशी. जिन्याखालचा ठोकळा पाहून आली होती. म्हणाली, "बाई, त्यावर एकाबाहेर एक रेघा आहेत, त्या कसल्या?" पाच मिनिटांचं काम होतं. उठून जिन्याखाली जायचं, छत्र्या बाजूला करायच्या, बोटाने दाखवायचं. आणि मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "तुमच्या वेळापत्रकात आता ते नाही. तुमच्या गणिताच्या सरांना विचार." असं म्हटलं मी तिला. तोंड वळवून. तिला! तिचा काय दोष होता? तरी मला बरं वाटलं होतं. दिवसभर बरं वाटलं होतं.

त्या सरांचा नंबर लावा. शून्य नाही, आधी आठ. लागत नाही? नाहीच लागणार, स्टेशनच्या पुलापलीकडे रेंज जाते. साहेबांचा वाजतोयच — द्या इकडे तो फोन!

हॅलो. हो, मीच. अरे ओरडू नकोस, ऐक. ऐक म्हणतेय ना! तुझी सातवी बांधावर आहे. टेकडीकडच्या नाही, स्टेशनमागच्या. अर्धा तास होत आला. बस रिकामी कर, चालकाला म्हणावं दोर घे, जेवढे असतील तेवढे. खळग्याच्या अलीकडे थांबायचं, पलीकडे बस घालायची नाही. हो, कार्डामुळे. हो, मुद्दाम. उद्या काय करायचं ते कर माझं. बाळ, आधी बस पाठव.

ठेवला त्याने. निघेल. पण टेकडीवरून वीस मिनिटं लागतील त्याला, आपल्याला आठ. किती वाजले? पाच कमी चार. उठा. मोटारसायकल आहे ना तुमची? कॅमेरा राहू द्या इथे. ती काठी घ्या, कपाटामागची, खुणा केलेली. दोरी मी घेते.

चला. फाटकातून बाहेर पडलं की सरळ उत्तरेला — कळते ना उत्तर? तुमच्या शाळेत भूगोल शिकवणारं होतं ना कुणी? नाही... बरं. मागे बसून सांगते. आता काही बोलू नका. चालवा.