गोमाजींना पाठवू नका

...बसा ना वहिनी, उभ्या उभ्या कशाला तक्रार सांगताय. ती वायरची भेंडोळी सरकवा जरा, हां. काल चॅनल लावायला आलेले तेच ना, म्हातारे, पांढरा शर्ट इन केलेला? मग पुढचं मीच सांगतो. चॅनल लागलं, पिक्चर चालू झाला, आणि गोमाजींनी तुमची ट्यूब बंद केली. पडदे ओढले. सासूबाई समोर मेथी निवडत होत्या, त्यांना म्हणाले, आजी, मागे बसा, पब्लिकला दिसत नाही. बेल वाजली तर दार उघडू दिलं नाही, इंटरव्हलला या म्हणाले. कोण होतं दारात? — नणंदेला बघायला आलेली मंडळी? आणि ती जिन्यात उभी राहिली? — अरे देवा. किती वेळ? — नका, नका सांगू.

चुकलं. शंभर टक्के चुकलं. बोलतो मी त्यांना. म्हणजे बोलतो म्हटलं तरी — बोलायला तोंड पाहिजे ना. माझे भावोजी लागतात ते, मालूताईचे मालक. माझी थोरली बहीण. कामावर मीच ठेवलंय त्यांना, कोणी सांगितलेलं नाही, माझ्या मर्जीनं ठेवलंय. तक्रारी काय तुमची पहिली नाही. पण या वयात घरी बसवून करू काय त्यांचं?

तुम्ही इकडे नवीन, तुम्हाला कसं माहीत असणार. विठ्ठलवाडीच्या अलीकडे ती बंद इमारत आहे बघा, जिथे आता मांडववाल्याचे बांबू पडलेले असतात — ती चित्रगंधा. चित्रगंधा आणि मिनी चित्रगंधा, एका छपराखाली दोन थिएटरं. चौऱ्याऐंशी साली हे काय साधं होतं? दिव्याहून, पार माजिवड्याहून माणसं यायची, पिक्चर राहू दे, नुसतं ते बघायला. खाली मोठ्याची लाइन, वर मिनीची लाइन, आणि जिन्यात दोन्हींची भांडणं. आणि गंमत सांगू? पडदे दोन, पण पिक्चरची प्रिंट एकच. थिएटरचा शेठ चिकट. मग करायचं काय, तर मोठ्यात रीळ संपलं की ते उचलायचं, गच्चीवरून पळत मिनीच्या केबिनमध्ये न्यायचं, तिकडे लावायचं. तोवर मोठ्यात दुसरं चालू. पब्लिकला पत्ता नाही. ही सगळी घडी भावोजींनी बसवलेली — हेड ऑपरेटर ते. बापाची होडी सोडून आलेले, खाडीवरची मासेमारी सोडून, त्यांचे वडील, दामाजीकाका, शेवटपर्यंत त्यांच्याशी धड बोलले नाहीत. पण पडद्यावर कधी अंधार पडू दिला नाही माणसानं. ताप असला तरी केबिनमध्ये. आणि रीळ घेऊन पळायला कोण? मी. भावोजींनीच चिकटवलेला मला. नाहीतर मी काय करत होतो, नाक्यावर उभा राहत होतो.

मग केबलचे दिवस आले. मी म्हटलं आपणही करू. डिश लावायला उंच जागा पाहिजे, आणि आख्ख्या एरियात उंच गच्ची एकच. शेठ तयार नव्हता, त्याला काय कळत नव्हतं का — पण भावोजींनी शब्द टाकला. पोरगा घरचा आहे म्हणाले, बातम्या दाखवेल, गाणी दाखवेल, आपल्या धंद्याला हात लावणार नाही. त्यांचा शब्द म्हणून शेठ हो म्हणाला. कळलं ना, त्यांच्या शब्दावर लागली डिश.

आणि मी लावली की वर्षभर नुसती गाणी. खोटं नाही बोलत. पण गिऱ्हाईक काय गाणी बघतं? तुम्ही बघाल? ते म्हणतं पलीकडचा केबलवाला नवीन पिक्चर दाखवतो, तू काय दाखवतोस. मग एका शुक्रवारी चित्रगंधाला जो लागला, दोन्ही पडद्यांवर, तोच रात्री माझ्या केबलवर आला. शनिवारी मिनीमध्ये माणसं नाहीत. शेठचं डोकं फिरलं. त्याला वाटलं प्रिंट गच्चीवरून बाहेर गेली, कॅसेट त्याच्यावरून काढली, आणि प्रिंट कोणाच्या ताब्यात, तर ऑपरेटरच्या. काढला भावोजींना. मोठ्या गेटातून बाहेर काढला, पब्लिकसमोर. पुढे कोण टिकणार, वहिनी? त्यांच्यामागून आलेला ऑपरेटर रिळं उलटी लावायचा. आधी मिनी बंद पडलं, मग मोठ्यात दुपारी कुत्री झोपायला लागली, मग कुलूप.

काय म्हणालात? — नाही हो, प्रिंट कुठली जातेय. भावोजी रिळाला बोट लावू द्यायचे नाहीत कोणाला. कॅसेट ना — ती बाजारातली. हॉलमध्ये बसून कोणीतरी कॅमेऱ्यात घेतलेली, मध्येच माणसं उठताना दिसायची, त्यांची डोकी दिसायची. मीच आणलेली.

तसं बघू नका माझ्याकडे. सांगणार होतो मी शेठला. कपडे घालून निघालेलो, विचारा — नाही, कोणाला विचारणार तुम्ही. पोलिसांत दिला असता मला, डिश गेली असती, आणि त्या आठवड्यात लग्न माझं, हळद लागलेली अंगाला. म्हटलं दोन महिने जाऊ दे, शेठचा राग उतरेल, मग सांगू. दोन महिने गेले, राग काय उतरला नाही, मग थिएटरच उतरलं. भावोजी बोलले नाहीत काही. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता तेव्हा, त्यांनी ती कॅसेट बघितलीच नाही, त्यांना काय माहीत कुठनं आली. त्यांना वाटतं शेठला कोणीतरी भरवलं. वाटू दे. निदान आपल्या माणसावर राग नको.

जाऊ दे. तुमच्या कामाचं बोलू. आख्खी बिल्डिंग दुसऱ्याकडे वळवू नका, हात जोडतो. उद्यापासून त्यांना पाठवत नाही, इथे ऑफिसात बसवतो. फोन उचलतील. पटेल त्यांना, मी समजावतो — काय? नको? का बरं नको?

कोणाला सांगितलं? तुमच्या सासऱ्यांना? काल, अंधारात बसून? — काय सांगितलं?

नाही. नाही, त्यांनी बघितली नाही. टीव्ही नव्हता सांगतोय ना मी — शेजारी? शेजारच्या दारात उभं राहून? डोकी दिसली त्यांना. असं म्हणाले, डोकी दिसली? मग — मग त्यांना कळलंच असणार. ऑपरेटर माणूस, त्याला नाही कळणार?

आणि सकाळी स्वतः गेले शेठकडे. शेठनं बोलावलं नव्हतं. स्वतः जाऊन म्हणाले, माझ्या हातून गेली प्रिंट.

असं का केलंत म्हणून विचारलं नाही तुमच्या सासऱ्यांनी? — विचारलं? काय म्हणाले मग? नीट सांगा, वहिनी, त्यांचे शब्द सांगा.

“मेव्हण्याला हळद लागलेली.”

एवढंच?

इतकी वर्षं. रोज सकाळी येतात, माझ्याकडून दिवसाची कामं घेतात, चंदूशेठ म्हणतात मला पोरांसमोर. मी म्हणू देतो.

आज रविवार. रविवारी मी ताईकडे जेवायला असतो, माझा पाट भावोजींच्या शेजारी मांडते ती. आता येईल तिचा निरोप, कुठे राहिलास म्हणून.

तुम्ही या आता, वहिनी. तुमची तक्रार लिहून घेतलीय, सांगा घरी. या तुम्ही.