चिमूटभर जाळ

...आणि वर मलाच विचारतात, "अर्पेनिक, तू घर पेटवायला निघाली होतीस का?" अहो, घर कसलं पेटवतेय! तुम्हाला सांगते, मला काय हवं होतं? चिमूटभर जाळ! चार वांगी भाजण्यापुरता! पण नाही. आमची इमारत नवी ना! लॉस एंजेलिसला चिकटून आमचं गाव, आणि इथे आता नगरपालिकेचा नियम झालाय, नवी इमारत बांधायची तर सगळं विजेवर, गॅसची नळी आत आणायचीच नाही. आंघोळीचं पाणी विजेवर, शेगडी विजेवर... आणि शेगडी म्हणजे काय, काळा आरसा! वाकून बघावं तर आपलंच तोंड. लेक म्हणाली, "आई, विका ते जुनं घर. बाबांना जिने चढवत नाहीत. इथे लिफ्ट आहे, आणि गॅस नाही म्हणजे छोटीला दम्याचा त्रास नाही, ती तुझ्याकडे हवी तेवढी राहील." नातीचं नाव काढल्यावर मी काय बोलणार? आलो राहायला. खोटं कशाला सांगू, पोरगी इथे खोकत नाही, पाणी बघता बघता उकळतं. पण कॉफी? माझं तांब्याचं भांडं ठेवलं की तो आरसा टूं टूं करून ओरडतो. लेक म्हणते, "त्याला तांबं कळत नाही, आई. त्याला भांडं दिसतच नाही." दिसत नाही? अरे मेल्या, तुझ्या डोक्यावर तर ठेवलंय!

असो. सांगत काय होते... हां, वन्सं! म्हणजे सिरानुश, आमच्या ह्यांची थोरली बहीण. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या थडग्याच्या दगडावर फोटो कोरायचा होता. हे म्हणाले, आईचा तरुणपणचा. वन्सं म्हणाल्या, रुमाल बांधलेला, म्हातारपणचा. झालं! दोघं त्या दगडासमोरच असे भांडले की पाद्री बिचारा पुस्तक मिटून निघून गेला. शेवटी तरुणपणचाच कोरला, आणि तेव्हापासून बोलणं बंद. चर्चमध्ये समोरासमोर आले तर हे मेणबत्त्या मोजत बसणार आणि त्या छताकडे बघणार. आणि परवा अचानक फोन. मीच उचलला. "अर्पेनिक, रविवारी जेवायला येऊ का गं? आईचं वांगं करशील?" बस. एवढंच. मागे हे उभे, चेहरा असा झालेला की आता रडतात की काय. मला म्हणाले, "कर. पण आईसारखंच झालं पाहिजे हं."

आईसारखं म्हणजे कसं? वांगं, मिरच्या, टोमॅटो, सगळं जाळावर धरायचं, साल काळी कुळकुळीत होईस्तोवर! मी शनिवारी ओव्हनमध्ये करून बघितलं. ह्यांनी घास घेतला, आणि काय म्हणाले? "इस्पितळातून आणलंस का?" कोपऱ्यावरच्या एदिक कबाबवाल्याकडे निखारे असतात, तर तो नेमका भाचीच्या लग्नाला फ्रेस्नोला! गॅलरीत कोळशाला बंदी. सांगा, मला काय हवं होतं? चिमूटभर जाळ! तोसुद्धा मिळू नये?

मग रविवारी सकाळी माझी नजर गेली चर्चच्या मेणबत्त्यांवर. बारक्या, पिवळ्या, घरात जुडगाच पडलेला. पातेल्यात वाळू घातली, पुऱ्या जुडग्याच्या मेणबत्त्या खोचल्या, पेटवल्या, आणि वर धरलं वांगं. काय दिसत होतं म्हणून सांगू! वांग्याचा वाढदिवसच! पण मेण वितळायला लागलं, मेणबत्त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या, भप्पकन पेटलं, मी झाकण ठेवलं, आग विझली... आणि धूर! आणि मग तो भोंगा! आमच्या घरातला नाही हो, अख्ख्या इमारतीचा! लोक जिन्यानं खाली. हे तर बहिणीसमोर तरुण दिसायचं म्हणून केसांना कलप लावून बसलेले, ते तसेच रस्त्यावर, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी. शेजारची बाई मला म्हणते, "कुठल्या मूर्खानं केलं असेल गं हे?" मी म्हटलं, "काय माहीत बाई." आणि माझ्या कडेवर वांगी!

आला बंब. उतरला कप्तान, बारेरा नावाचा, मिशीवाला. वर जाऊन आला, माझ्यासमोर उभा राहिला, वांग्यांकडे बघितलं. "मावशी, मेणबत्त्यांवर?" मी जे सुरू झाले... नणंद, सासूबाई, थडगं, फोटो, सगळं. तो म्हणाला, "मावशी, आग विझवायला येतो आम्ही, लावून द्यायला नाही." मी म्हटलं, "तुम्ही रांधता कशावर?" मागचा एक जण हसला, "आपलं स्टेशन जुनं आहे, कप्तान. गॅस आहे की."

तुम्हाला सांगते, मी त्यांच्या आधी पोचले! पलीकडच्या गल्लीतच आहे ते. आणि तिथे काय शेगडी! निळा, फुसफुसणारा जाळ! मी वांगी मांडली, ते धिप्पाड गडी सालं सोलायला बसले, बोटं भाजून फुंकर मारतायत... आणि घंटा वाजली. कुठेतरी लागली खरीखुरी आग. सगळे धावले. कप्तान जाता जाता ओरडतो, "मावशी, गॅस बंद करून जा!" म्हणजे बघा, फायर स्टेशनात मी एकटी, आणि समोर जाळ!

वन्सं आल्या. पहिला घास घेतला. चमचा खाली ठेवला. हे बघतायत, मी त्या चमच्याकडे. त्या ह्यांना म्हणाल्या, "वार्दगेस, तो फोटो छान आहे रे. मी जाते ना तिथे. तरुण दिसते आई." बस, दोघं भाऊ-बहीण रडायला लागले, पावानं ताट पुसतायत आणि रडतायत! मीही कांदा चिरल्याचं निमित्त करून घेतलं.

जाताना वन्सं काय म्हणाल्या? "आता दर रविवारी येईन हं. हेच कर." दर रविवारी! मी कप्तानाला पाव घेऊन भेटायला गेले, म्हटलं, बाबा, चिमूटभर जाळ, दर रविवारी. तर तो मिशी चोळत म्हणाला, "मावशी, कसं सांगू... हे स्टेशन पाडतायत. नवं बांधणार. नगरपालिकेचंच काम, तेव्हा नियम आधी आम्हालाच."

चालायचंच. येत्या रविवारी वन्संना सांगणार आहे, तुमच्या आईला भेंडी फार आवडायची.