तीननं भाग जाणारा नंबर

चूक सगळी आप्पांची. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, गणिताचे रिटायर मास्तर. अक्कलही सोबतच रिटायर झाली. माझ्या मोबाईल नंबरातल्या आकड्यांची बेरीज करून ओरडले, "एक्कावन्न! म्हंजी याला तीननं भाग जातो. आन् आमी भाऊ किती? तीन! वाटण्या करायला निघालास व्हय रं?"

"आप्पा, नागापूर एमआयडीसीतल्या कंपनीला हाच नंबर दिलाय. आज-उद्या नोकरीचा फोन येईल."

"मूळ संख्येचा नंबर घे. तिला कशानंच भाग जात न्हाई. घर फुटत न्हाई."

मी वडिलांकडं बघितलं. ते बेरीज तपासत होते.

घराचे तुकडे होऊ नयेत म्हणून आप्पांनी अडकित्त्यानं माझ्या सिमचे दोन तुकडे केले. कंपनीला माझा फोन लागला नाही, त्यांनी दुसरा पोरगा घेतला. माझी नोकरी गेली.