लांडगे किती होते

ताई: म्हणजे तुझं पोट दुसऱ्यांदा उघडलं आणि मला आज कळतंय.

पोस्टमन: कळवणार कोण? मी वर जाऊन आलो होतो, ताई. दारावरच्यानं विचारलं, कुणाचं पत्र आणलंय? म्हटलं, आता पेन्शनीत आहे, हात रिकामे. तर म्हणाला, मग मागं फिर.

ताई: थापा नंतर. तुझी सून म्हणाली, एका नव्या सिस्टरमुळे वाचलास. तेवढं धड सांग.

पोस्टमन: ती बघ, खिडकीजवळ चादर बदलतेय ती.

ताई: ती? ती तर शाळा सुटून आल्यासारखी दिसते.

पोस्टमन: सगळ्यांना तसंच वाटतं. लोक तिच्याच तोंडावर विचारतात, मोठ्या सिस्टर कुठायत? सुरुवातीला तिला माझी शीर सापडेना. हात माझा आणि घाम तिला. मी म्हटलं, टोच पोरी बिनधास्त, आत शिरांचं जाळं आहे, एखादी लागेलच. शेवटी लागली. मग चादरींच्या खोलीत जाऊन रडली, तोंड धुतलं, आणि पुढच्या खाटेशी पुन्हा सुई घेऊन उभी. मला तर लांडग्यांसमोरसुद्धा एवढा धीर…

ताई: अरे देवा. लांडगे तिलाही ऐकवलेस?

पोस्टमन: रोज. ती नाडी धरायची, मी टपालाची पिशवी घेऊन सायकलवर बसायचो. लांडगे मागं. नंतर तीच विचारायला लागली, आजोबा, आज किती? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बावीस झाले होते, आणि म्होरक्या माझ्या सायकलची घंटा वाजवत होता.

ताई: पित्ताचे खडे काढायला आलास, तरी जिभेला आराम नाही. पुढं?

पोस्टमन: ऑपरेशन झालं, झकास झालं. त्याच दिवशी समोरच्या खाटेवरचं यंत्र कोकलायला लागलं. हिनं घाबरून डॉक्टरांना जेवणावरून उठवलं. ते येऊन बघतात, तर यंत्राची चिमटी बोटावरून निसटून उशीखाली गेलेली, आणि माणूस घोरतोय. सगळ्या वॉर्डासमोर तिची खरडपट्टी काढली. मला बोलावण्याआधी स्वतःचे डोळे उघडत जा, म्हणाले. मोठ्या सिस्टरनीही सुनावलं, की पुन्हा असं झालं तर हा वॉर्ड विसरायचा.

ताई: एवढीशी पोर.

पोस्टमन: आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी माझी पाळी. मला काही आठवत नाही, हे तिनंच नंतर सांगितलं. ताप नव्हता. रक्तदाब ठीक. दुखतंय का विचारलं, तर मी नाही म्हटलं. मग तिनं नेहमीसारखं विचारलं, आज लांडगे किती?

ताई: पन्नास सांगितले असशील.

पोस्टमन: मी म्हणालो, लांडगे नव्हते. एक कुत्रं होतं. म्हातारं. भुंकलंसुद्धा नाही.

ताई: अरे, कुत्रंच होतं ते. आपल्या गावातल्या सुताराचं. उभ्या जन्मात एकदा खरं बोललास, आणि ऐकायला मी नव्हते.

पोस्टमन: तिनं मात्र लगेच यंत्र पुन्हा लावलं, आकडे तेच. फक्त नाडी जराशी पळत होती. एवढ्यावर डॉक्टरांना बोलवायचं कसं? कालची बोलणी अजून कानात. तरी मोठ्या सिस्टरकडे गेली. त्या म्हणाल्या, फोनवर सांगणार काय?

ताई: काय म्हणाली?

पोस्टमन: म्हणाली, आजोबा खरं बोलतायत.

ताई: काय बाई तरी.

पोस्टमन: हसू नकोस. त्याही हसल्या नाहीत. फोन तिच्यापुढं सरकवला. मग डॉक्टर आले ते वावटळीसारखे. एक चप्पल जिन्यात, दुसरी त्या पंख्यावर…

(सिस्टर खाटेजवळ येते.)

सिस्टर: चालतच आले डॉक्टर. बूट होते पायात. आणि माझ्यावर चिडलेच होते. पण आजोबांच्या पोटाला हात लावला आणि लगेच ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. आत रक्त वाहत होतं. पुढचं सगळं त्यांनीच केलं. हात द्या आजोबा.

पोस्टमन: घे. बघितलंस ताई, स्वतःकडे काही ठेवत नाही ही. मी असतो तर ऑपरेशनही मीच केलं म्हणून सांगितलं असतं.

ताई: बाळ, एक विचारू? आदल्या दिवशी एवढं ऐकून घेतलेलं, भीती नाही वाटली?

सिस्टर: खूप वाटली, आजी. वाटलं, आज घरीच पाठवतील. पण मग म्हटलं, माझं चुकलं तर मी रडेन आणि उद्या परत येईन. यांचं तसं नव्हतं.

ताई: आणि आता? डॉक्टर काय म्हणतात?

सिस्टर: काही नाही. कालच यांना तपासताना विचारत होते, लांडगे किती झाले म्हणून.

पोस्टमन: चाळीस सांगितले. त्यांनी लिहून घेतले.

सिस्टर: नाही घेतले, आजी. झालं, नाडी छान आहे.

ताई: अगं, सकाळपासून उभी असशील. टेक जरा इथं.

सिस्टर: नको आजी. कोपऱ्यातल्या खाटेवर काल एक बाबा आलेत. एक शब्द बोलत नाहीत. नेहमीच गप्प असतात की आजच, तेच अजून मला माहीत नाही. त्यांच्याजवळ जाऊन बसते थोडा वेळ.