दीडला घरी येणारी मुलगी

डांगे चौकातल्या बसथांब्यावर जयमालाबाई उभ्या होत्या. सोमवारी त्या थेरगावच्या एका शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू होणार होत्या. शेजारी त्याच शाळेच्या गणवेशात दहावीतल्या दोघी खिदळत होत्या.

“दिपे, जर्मनीत आमच्या दादाच्या शेजारची मुलगी दीडला घरी येते!”

“दुपारी दीडला? मग दिवसभर करते काय?”

“पोहते म्हणे.”

“आणि आपण! शाळा, मग क्लास. माझे पप्पा चाकणला शिफ्ट करून माझ्याआधी घरी असतात, तनू!”

“त्यांना ओव्हरटाइम तरी मिळतो गं!”

“कोरियात तर म्हणे मुलांना शाळेत रात्रीपर्यंत बसवतात.”

“हळू बोल! नवीन बाईंच्या कानावर गेलं तर? आधीच सोमवारपासून जादा तास आहे, ऐन खो-खोच्या वेळेला.”

“मग तुझा संघ?”

“सुटला. आई तास बुडवू देणार नाही. काकू, तुम्हीच सांगा, हे बरोबर आहे का?”

जयमालाबाईंना हसू आवरेना.

“मुळीच नाही. सोमवारी तो तास मी रद्द करते.”

“तुम्ही?”

“नवीन बाई मीच.”

दोघींच्या तोंडचं पाणीच पळालं. मग तनुजा अशी काही किंचाळली, बाईंचे हात धरून दोघी अशा काही नाचल्या, की तिघींचीही बस समोरून निघून गेली.